शब्द कळत नाहीत? मग आणखी दोनदा ऐका

आपल्याकडे एखाद्या नव्या मराठी इंडी पॉप बँडचा, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच गाणी करणाऱ्यांचा, पहिला अल्बम आला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन निकाल लागलेले असतात. ‘शब्द ऐकू येत नाहीत.’ ‘सगळी गाणी सारखीच आहेत.’ ‘परदेशी बँडची नक्कल.’ ग्लासगोत बसून हे वाचताना चीड येते. नावडलं म्हणून नाही, नावडायचा हक्क प्रत्येकाला आहे. चीड येते ती घाईची. चाळीस मिनिटांचं काम लोक पाच मिनिटांत निकालात काढतात.

ज्यांची नक्कल म्हणून नाक मुरडलं जातं त्यांतला एक बँड याच शहरातला, बेल अँड सेबॅस्टियन. त्यांचा पहिला अल्बम ‘टायगरमिल्क’ १९९६चा. इथल्या स्टो कॉलेजच्या म्युझिक बिझनेसच्या विद्यार्थ्यांचं इलेक्ट्रिक हनी नावाचं रेकॉर्ड लेबल होतं आणि एरवी ते वर्षाला एखादी सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची रेकॉर्ड, काढत. या बँडकडे अल्बमभर गाणी तयार होती, म्हणून अल्बमच काढला, पण फक्त १,००० एलपी तबकड्या. रेकॉर्डिंग मोजक्या दिवसांत उरकलं, बहुतेक गाणी सगळ्यांनी एकत्र बसून वाजवली. प्रती संपल्या, मग जुन्या प्रती शेकडो पौंडांना जाऊ लागल्या. १९९९मध्ये अल्बम पुन्हा निघेपर्यंत लोकांनी तो कॅसेटवरून कॅसेट उतरवून ऐकला. अशा प्रत्येक प्रतीत वरच्या पट्टीचा आवाज थोडा झिजतो, म्हणजे नेमके स, त, च बोथट होतात. त्यात बँडचा गायक स्टुअर्ट मर्डॉक मुळातच हळू आवाजात गाणारा. तरी शब्द पाठ झाले, कारण तीच कॅसेट पुन्हा पुन्हा लागत होती. १९९९च्या ब्रिट अवॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटनच्या मोठ्या संगीत पुरस्कारांत, नवोदितांचं पारितोषिक श्रोत्यांच्या मतांवर ठरलं आणि ते स्टेप्ससारख्या गाजत्या ग्रुपला न मिळता या बँडला मिळालं. मतदानात गडबड झाली, असा गलकाही झाला. मोठ्या आवाजाची सवय असलेल्यांना हळू गाणाऱ्यांचे श्रोते दिसलेच नव्हते.

आता ‘शब्द ऐकू येत नाहीत’ या तक्रारीकडे. ती खोटी नाही, पण निम्मा दोष ऐकण्याचा असतो. अशा अल्बममध्ये एक गिटार डावीकडे, एक उजवीकडे आणि मधली जागा गळ्यासाठी मोकळी ठेवलेली असते. फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर लावला की दोन्ही गिटार मध्ये येऊन गळ्यावर बसतात. एवढासा स्पीकर साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं वाजवूच शकत नाही, त्यामुळे बेसचा आणि पायाने वाजवायच्या किक ड्रमचा भरीवपणा जातो. उरतो तो तारांचा आणि झांजांचा खणखणाट, तोही साधारण २ ते ८ किलोहर्ट्झमध्ये, जिथे आपली व्यंजनं ओळखू येतात, म्हणून ती दबतात. एकाच कानात इअरबड घातलात तर एक गिटार जवळजवळ गायबही होऊ शकते. तेव्हा दोन्ही कानांत इअरफोन घाला, बेस बूस्ट आणि शफल बंद करा, आणि गाणी बँडने लावलेल्या क्रमाने ऐका.

उरलेला दोष बँडचा, आणि तो सांगायलाच हवा. आवाज पातळ वाटतो म्हणून गायक तीच ओळ दोनदा गातो आणि दोन्ही एकावर एक ठेवतात. ‘रात’ किंवा ‘वाट’ यातलं शेवटचं व्यंजन दोन्ही वेळा तंतोतंत एका क्षणी पडत नाही, आणि शब्दाचं टोक फाटतं. उपाय सोपा आहे. दुसऱ्या वेळी गाताना शेवटचं व्यंजन अर्धवट सोडायचं. रिव्हर्ब, म्हणजे खोलीत घुमल्यासारखा परिणाम, लावताना मूळ आवाज आणि घुमारा यांत ३०-४० मिलिसेकंदांची फट ठेवली की अक्षर आधी कानावर पडतं, घुमारा मागून येतो.

‘सगळी गाणी सारखीच’ याचं कारण बहुधा पैसा. स्टुडिओ तासावर घेतलेला असतो. ड्रमचे माइक एकदा लावले की तेच शेवटपर्यंत राहतात, गिटारही तीच. वेगळेपण मांडणीत शोधावं लागतं. ‘टायगरमिल्क’मध्ये गिटार, चेलो, ट्रम्पेटच्या गाण्यांत एक गाणं अचानक सिंथेसायझरवर उभं राहतं आणि गळा टेलिफोनमधून आल्यासारखा होतो. पहिल्या दोन गाण्यांवर निकाल देणारा तिथवर पोचतच नाही.

आणि धीर धरून ऐकणं ही काही परक्यांची मक्तेदारी नाही. १९५५मध्ये पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं तेव्हा शुक्रवारी नवं गीत लागे आणि तेच शनिवारी, रविवारी पुन्हा. पुण्यातली वृत्तपत्रं त्याचे शब्द छापत. सुधीर फडक्यांइतका स्वच्छ उच्चार असूनही श्रोत्याला एकच गीत तीनदा ऐकवावं, शब्द छापून हातात द्यावेत, असं वाटणारी माणसं आपल्याकडे होती. आज त्याच पुण्यात बँड काढणाऱ्या मुलांना पहिल्या ऐकण्यातच नापास करतो आपण.

हे लिहिताना एक गोष्ट मात्र मनातून हलत नाही. ग्लासगोतल्या बँडच्या अर्ध्या ओळी कळल्या नाहीत तरी माझं काही बिघडत नाही. मराठी गाण्यात एक अक्षर सुटलं तरी जीव खाली-वर होतो, गाणं मागे नेऊन पुन्हा लावावं लागतं. परक्या भाषेत मी पाहुणा आहे, पाहुण्याला सगळं कळायलाच हवं असं नसतं. मराठीत तसं चालत नाही, तिथे प्रत्येक शब्दावर माझा हक्क आहे असं वाटतं. इथे आल्यापासून हा हट्ट वाढलाच आहे. त्यामुळे शब्द मागणाऱ्यांवर चिडलो तरी त्यांची मागणी मला परकी नाही.

म्हणून बँडवाल्यांना विनंती: अल्बमसोबत सगळे शब्द देवनागरीत द्या, पूर्ण द्या, ऱ्हस्व-दीर्घ तपासून द्या. स्ट्रीमिंगवर गाण्यासोबत शब्द दिसायची सोय असते, तिथेही पहिल्याच दिवशी ते चढवा. आणि ऐकणाऱ्यांनो, ते समोर ठेवून तिसऱ्यांदा ऐकल्यावर जे वाटेल ते खुशाल लिहा, अगदी वाईटही.