मालकाचं उत्तर : ‘रात्रभर वायरी लावून बसवलं’

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी. एसी खडखडत होता हे खरं आहे, तो बघून घेतो.

पण ‘साडेआठला बोलावून बारा वाजवले’ हे वाचून रात्री जेवण गेलं नाही. बेळगावच्या टिळकवाडीत सहा वर्षं हे झोपतपासणी सेंटर चालवतोय, बँकेचे हप्ते अजून फिटायचे आहेत. वेळेबद्दल असं आजवर कुणी लिहिलं नव्हतं. साडेआठला बोलावलं होतं, बरोबर. तुम्ही आलात दहा वाजून दहा मिनिटांनी. खानापूर रोडला गर्दी असते, मान्य, म्हणून आम्ही चकार शब्द काढला नाही. वर डोक्याला खोबरेल चोपडून आलात! केस धुऊन, तेल न लावता या, असा मेसेज आदल्या दिवशी गेला होता, त्यावर तुमचा अंगठाही आला होता. मेंदूच्या लहरी टिपणारे इलेक्ट्रोड पेस्टने डोक्याला चिकटवतात, तेलावर ते धरत नाहीत. आमच्या पोराने गीझर लावून दिला, शाम्पू आणून दिला. केस वाळेपर्यंत अकरा वाजून गेले. मग डोकं, डोळ्यांच्या कडा, हनुवटी, छाती, पाय इथे वायरी, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजनची क्लिप. याला पाऊण तास लागतोच, आणि मधे तुमचे तीन फोन. तरी १२.२० ला रेकॉर्डिंग सुरू झालं. आम्हाला किमान सहा तास हवे असतात. तुम्ही पहिली बस गाठायची म्हणून ४.४० ला सगळं काढायला लावलंत.

‘मला झोपच लागली नाही, तरी पैसे घेतले.’ रिपोर्टात काय आलं ते इथे लिहिणार नाही, ती तुमची खासगी बाब आहे. नव्या जागी डोळाच लागला नाही असं खूप जणांना वाटतं आणि मशीन वेगळंच दाखवतं, एवढंच सांगतो. रिपोर्टला चार दिवस का, तर रात्रीचं रेकॉर्डिंग ३० सेकंदांच्या एकेका पानाने तपासावं लागतं. चार तास वीस मिनिटांतही तुमची ५२० पानं झाली.

घरी न्यायची मशीन स्वस्त पडते हे खरं. ती आमच्याकडेही आहे. पण ती मेंदूच्या लहरी बघत नाही, त्यामुळे माणूस जागा पडलेला वेळही झोपेतच धरला जातो आणि झोपेत श्वास अडण्याचा आजार आहे त्याहून हलका दिसू शकतो. तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सेंटरमधली रात्रभरचीच टेस्ट होती.

आणि ‘घोरणाऱ्याला घाबरवून पैसे काढतात’ हे मात्र लिहायला नको होतं. नुसतं घोरणं म्हणजे आजार नव्हे, हे मीच सगळ्यांना सांगतो. घोरता घोरता आवाज एकदम बंद होतो, श्वास १० सेकंद किंवा जास्त अडतो, मग माणूस दचकून हवा ओढतो, ते बघायचं असतं. असं तासाला पाचपेक्षा कमी वेळा झालं तर चालतं, तीस किंवा जास्त म्हणजे गंभीर. झोपलेल्याला यातलं काही कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळतं. तुम्हाला कोण घेऊन आलं होतं आठवा, वहिनींना एकदा विचारा की. सकाळी डोकं जड, रात्री सारखं लघवीला उठणं, गोळ्या घेऊनही बीपी न उतरणं, ही लक्षणं लोक वयावर ढकलतात. अशा तुटक झोपेने जागेपणीही डुलक्या येतात. इथून भाजीचे टेम्पो पहाटे चोर्ला घाटातून गोव्याला उतरतात. तशा वळणावर चालकाची डुलकी म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

फॉर्म मराठीत नव्हता ही तक्रार पटली, छापायला टाकतो. बाकीच्याही सुधारणा करूच.

परत यावंसं वाटलं तर अर्ध्या पैशात टेस्ट करून देईन, पूर्ण रात्र. साडेआठला या. तेल लावू नका.

— सेंटरचालक