वाचक म्हणजे मासा नव्हे

गेल्या बुधवारी सकाळी शेजारचे अण्णा फाटकाशी थांबले. "बाई, तुमच्या भाचीचा तो बियाणं तपासायचा लेख कुठं गेला? रातच्याला लई हुडकलो, घावना." मला वाटलं रेंज नसेल. माझ्या मोबाइलवर बघितलं तर लेख खरंच नव्हता. भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, काढून टाकला मी. चार वर्षांपूर्वीचा होता. जुन्या लेखांनी वाचक तुटतो म्हणे."

म्हणे! कोण म्हणे? तर व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज. 'वाचक पुन्हा पुन्हा खेचून आणण्याचे ७ मंत्र'. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर तो महिनाभरात तीनदा येऊन गेला होता आणि मी तिन्ही वेळा न वाचता पुढं सरकले होते. भाचीनं तो वाचला, वहीत उतरवून घेतला आणि पाळायलाही लागली. पोरगी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेली. गेली चार वर्षं दर शुक्रवारी बियाणं, माती, खत, फवारणी यांवर एक लेख लिहून मोबाइलवर टाकते. औसा, निलंगा, उमरगा भागातली शेतकरी माणसं तो वाचतात, एकमेकांना पाठवतात. तिच्या कामाची वाट लागायला लागली तेव्हा मी तो मेसेज नीट वाचला.

त्यातले सात मंत्र थोडक्यात असे. माणसाचं लक्ष ८ सेकंदांवर आलंय, गोल्डफिश माशाचंसुद्धा ९ सेकंद टिकतं, म्हणून २०० शब्दांपुढं जाऊ नका. रोज लिहा, एक दिवस चुकला की वाचक गेला. शीर्षकात अर्धंच सांगा, उत्तर शेवटच्या ओळीत ठेवा. जुनं लिखाण काढून टाका. गावठी शब्द टाळा. प्रश्नांना उत्तरं देण्यात वेळ घालवू नका. आणि अधूनमधून वाद पेटवा.

पहिल्यांदा तो मासा. बाकीचे मंत्र याच आकड्यावर उभे आहेत आणि भाचीचा विश्वास बसला तोही यालाच. आकडा दिसला की आपण शास्त्र समजतो. हा आकडा पसरला तो मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेच्या २०१५ सालच्या एका अहवालामुळं. सन २००० मध्ये १२ सेकंद आणि २०१३ मध्ये ८ सेकंद, असं त्यात होतं. पण ते मायक्रोसॉफ्टनं स्वतः मोजलेलं नव्हतं, 'स्टॅटिस्टिक ब्रेन' नावाच्या एका वेबसाइटवरून घेतलं होतं. बीबीसीच्या 'मोअर ऑर लेस' या कार्यक्रमासाठी सायमन मेबिन या पत्रकारानं २०१७ मध्ये याचा माग काढला. त्या वेबसाइटनं ज्या संस्थांची नावं आधार म्हणून दिली होती, त्यांना त्यानं विचारलं. असं संशोधन झाल्याची नोंद त्यांच्यापैकी कुणालाच सापडली नाही. लक्षावर अभ्यास करणाऱ्या जेम्मा ब्रिग्ज या मानसशास्त्रज्ञांनी त्याला सांगितलं की 'माणसाचं सरासरी लक्ष' या कल्पनेलाच अर्थ नाही. समोर काम कोणतं आहे आणि ते करणाऱ्याला त्याची गरज किती आहे, यावर सगळं ठरतं. आणि गोल्डफिश? माशांची स्मरणशक्ती अभ्यासायला शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं जो मासा वापरत आले, तो हाच.

म्हणजे तळाशी काहीच नाही. अशा आकड्यावर विसंबून माझ्या भाचीनं हुमणीवरचा लेख १९० शब्दांत कोंबला. औषधाचं प्रमाण राहिलं, कधी टाकायचं ते गळालं. ज्याच्या उसाची मुळं हुमणीनं खाल्लीत तो माणूस नऊशे शब्द वाचतो आणि पुन्हा वर जाऊन दुसऱ्यांदाही वाचतो. आमच्या गावात श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते. नवनाथ भक्तिसार लावली तर चाळीस अध्याय, एकेक दीड-दोनशे ओव्यांचा. एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. दिवसभर रानात राबून आलेली माणसं खांबाला टेकून ते ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा येऊन बसतात. त्यांचं लक्ष ८ सेकंदांचं आहे असं मला कुणी येऊन सांगावं.

पोथीचा विषय निघालाच आहे तर दुसऱ्या मंत्राबद्दल एक गोष्ट मला मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. नियमितपणा लागतो. पोथी कधी सात वाजता, कधी नऊ वाजता लागली असती तर चार दिवसांत देऊळ रिकामं झालं असतं. पण मंत्र म्हणतो 'रोज', आणि रोज व नियमित यांत फार फरक आहे. पोथी वर्षभर चालत नाही, ती श्रावणातच लागते. माणसांना ते माहीत असतं, म्हणून ती वाट बघतात. भाचीचा शुक्रवार लोकांना पाठ झाला होता. तो मोडून तिनं महिनाभर रोज लिहिलं. नोकरी सांभाळून रोज नवीन शेतीविषय कुठून आणणार? मग सुविचार आले, जागतिक अमुक दिनाच्या शुभेच्छा आल्या. त्या गर्दीत शुक्रवारचा लेख हरवला.

आता शीर्षकाचा मंत्र. याच्यावर मला खरा राग आहे, कारण त्याची किंमत आमच्या घरानं मोजली आहे.

दोन वर्षांपूर्वीचा जून. एका पानावर मजकूर आला होता, भाचीचा नव्हे, दुसऱ्याच कुणाचा. शीर्षक होतं, 'आठवडाभरात मराठवाडा चिंब होणार! पेरणीबाबत तज्ज्ञ काय म्हणाले?' माझ्या धाकट्या दिरांनी ते बांधावर उभं राहून वाचलं. एका हातात बैलाचा कासरा, दुसऱ्या हातात मोबाइल, स्क्रीनवर ऊन. त्यांना कळलं ते एवढंच की पाऊस येतोय आणि तज्ज्ञ पेरणीचं काहीतरी सांगतायत. पहिला पाऊस झाला, जमीन वरून काळी दिसली, आणि त्यांनी चार एकर सोयाबीन पेरलं. एकराला ३० किलोची एक पिशवी, अशा चार पिशव्या. त्यानंतर जवळपास तीन आठवडे आभाळ कोरडं. अर्धं बी फुगून कुजलं, जे वर आलं ते करपलं. दुबार पेरणी करावी लागली, तीही बियाणं उधारीवर आणून.

तो मजकूर मी नंतर शेवटपर्यंत वाचला. तज्ज्ञ काय म्हणाले होते? कृषी विभाग आणि परभणीचं विद्यापीठ दरवर्षी कानीकपाळी ओरडून सांगतात तेच, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. शेवटून दुसऱ्या ओळीत. म्हणजे माणसाचं नुकसान वाचवणारं वाक्य त्यांच्याजवळ होतं. वाचक खाली सरकत राहावा म्हणून त्यांनी ते तळाला ठेवलं. दिरांनी पूर्ण वाचायला हवं होतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. तरीही शीर्षकातच 'घाई नको, १०० मिलिमीटर होऊ द्या' एवढं लिहिलं असतं तर बांधावरच्या माणसाला तितकं पुरलं असतं. त्या दिवसानंतर दिरांनी ते पान उघडलेलं नाही. वाचक खेचून आणण्याच्या मंत्रानं एक वाचक कायमचा घालवला, आणि दिरांनी ही गोष्ट ज्या ज्या पारावर सांगितली तिथलेही घालवले.

भाचीचं जुनं शीर्षक कसं होतं? 'घरचं सोयाबीन बियाणं उगवतं का, ते १०० दाण्यांत तपासा.' सगळं तिथंच सांगून टाकलेलं. तरी लोक आत जायचे, कारण कसं तपासायचं ते आत होतं.

बोलीच्या मंत्राचं एकच उदाहरण देते. तिनं आधी लिहिलं होतं, 'वापसा आल्यावरच तिफण घाला.' मंत्र वाचल्यावर तिनं ते बदलून लिहिलं, 'जमिनीत इष्टतम आर्द्रता प्राप्त झाल्यानंतर पेरणी यंत्राचा अवलंब करावा.' त्याच संध्याकाळी एका शेतकऱ्यानं तिला फोन करून विचारलं, "ताई, ह्यो नवीन औषधाचा प्रकार हाय का?" वापसा म्हणजे काय हे आमच्याकडं नववीतलं पोरगंही सांगतं. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, आणि तो खाली टाकला की फुटावा. ओलावा आणि वापसा एकच नव्हेत. ओलावा चिखलातही असतो. गावठी म्हणून जो शब्द टाळायला सांगतात तो इथं जास्त नेमका आहे, आणि आपल्या तोंडचा शब्द छापलेला दिसला की माणसाला ते लिखाण घरचं वाटतं.

वाद पेटवण्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. ज्यांची तोंडं रोज बघायची त्यांच्यात भांडणं लावून मिळालेले वाचक तिला नकोत.

राहिला तो काढून टाकलेला लेख, जिथून हे सगळं सुरू झालं. मे २०२२ मध्ये लिहिलेला. त्यात होतं ते असं: घरच्या पोत्यातून, वरून, मधून, तळातून मूठ मूठ बी घ्यायचं. त्यातले सरसकट १०० दाणे मोजायचे, चांगले निवडून घ्यायचे नाहीत. गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर दहा-दहाच्या ओळी मांडायच्या, वर दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं. आठवड्याच्या आत चांगले मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर नेहमीइतकं बी, थोडे कमी निघाले तर एकरी बी वाढवा, फारच कमी निघाले तर ते बी पेरू नका.

यात २०२२ चं काय आहे? सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं, ते आजही पातळच आहे. पोतं आपटलं की आतला कोंब दुखावतो, तो आजही दुखावतो. म्हणून रोहिण्या जवळ आल्या की लोक तोच लेख हुडकत येतात. गेल्या वर्षी आले, त्याच्या आदल्या वर्षी आले, अण्णा यंदा आले. परत येणारा वाचक म्हणतात तो हाच की! आणि मंत्र सांगतो, त्याच्यासाठी ठेवलेली वस्तू उचलून फेकून द्या. जुन्या लेखात बाजारभाव असेल, सरकारी योजनेची तारीख असेल, तर वर तसं लिहावं किंवा काढावं, एवढं ठीक. सरसकट काढा म्हणणाऱ्यानं कुणासाठी कधी काही कामाचं लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. ती गप्प ऐकत होती. रात्री तिनं लेख परत टाकला, वर एक ओळ घालून: 'जुनाच आहे, यंदाही असंच करा.' मी ती लिंक अण्णांना पाठवली.

चार-पाच दिवसांनी रात्री अकराच्या सुमारास अण्णांनी तिला फोटो पाठवला. ओलं गोणपाट, बॅटरीचा उजेड, मोडांच्या ओळी, आणि खाली लिहिलेलं, "७२ निघाले. चालतंय का?"

प्रश्नांना उत्तरं देण्यात वेळ घालवू नका, असा सहावा मंत्र होता. तिनं दोन मिनिटांत लिहिलं, "चालतंय अण्णा. पण पोतं आपटू नका, आणि १०० मिलिमीटर होऊ द्या."