गळ टाकून जागरण

रात्री गळाने कार्प मासा पकडायला जाणं हा फार शांत छंद आहे असं जो म्हणतो, तो एकतर कधी गेलेला नसतो किंवा गेल्यावर तंबूत घोरत असतो. आमचा मित्र दुसऱ्या जातीतला. मला या नादाला त्यानेच लावलं, आणि लावताना जे सांगितलं त्यात पाणी, चांदणं, निवांतपणा सगळं होतं, फक्त डास नव्हते.

मुळात रात्रीच का, तर मोठा कार्प दिवसा भलताच सावध असतो, खोल पाण्यात नाहीतर पाण्यातल्या झाडोऱ्यात दडून बसतो, आणि उन्हाळ्यात अंधार पडला की काठाजवळच्या उथळ पाण्यात चरायला येतो. म्हणजे त्याची जेवायची वेळ ती आपली झोपायची. शिवाय या प्राण्याला जठर नसतं, त्यामुळे एकदाच पोटभर खाऊन गप पडायची सोय नाही, थोडं थोडं खात हिंडत राहायचं. आणि आपण तेवढा वेळ जागायचं.

पोचल्या पोचल्या मित्राने मला कुजबुजत दम दिला, "हळू बोल रे, कार्पचे कान तिखट असतात." आता हे अर्धं खरं आहे. कार्पच्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे पाण्यातला आवाज त्याला उत्तम कळतो. पण हवेतलं आपलं बोलणं पाण्यात फारसं उतरतच नाही, उतरते ती जमिनीवरची आदळआपट. हे मी त्याला समजावून सांगत होतो तेव्हा तो हातोडीने तंबूच्या खुंट्या ठोकत होता, आणि प्रत्येक ठोक्यानंतर मला "श्श" करत होता.

मग आमिष. गांडूळ लावलं आणि टाकलं इतकं सोपं असतं तर काय हवं होतं, पण गांडुळावर जगातले सगळे चिल्लर मासे तुटून पडतात म्हणून कार्पवाले 'बॉइली' लावतात, म्हणजे उकडून कडक केलेली गोळी. कार्पच्या जबड्याला दात नसतात, ते घशात असतात, आणि त्या दातांनी तो गोगलगायीचं कवचसुद्धा फोडतो, तर गोळी म्हणजे किरकोळ. पण गिळायच्या आधी हा गडी आमिष तोंडात ओढून चाखतो आणि शंका आली की थुंकतो. यावर केविन मॅडॉक्स आणि लेनी मिडलटन या दोन इंग्लिश गळवाल्यांनी 1980 च्या सुमारास उपाय काढला तो हेअर रिग. गोळी गळाला टोचायचीच नाही, गळाखाली केसासारखा दोरा सोडून त्यावर ओवायची. गोळी आत ओढली की मोकळा गळही आत जातो आणि थुंकताना ओठात रुततो. आयडिया झकास आहे, फक्त ती त्यांनी बहुतेक दिवसाउजेडी काढली असावी. अंधारात एका हातात गोळी, दुसऱ्या हातात सुई, सुईच्या आकड्यात दोऱ्याची कडी अडकवायची, गोळी दोऱ्यावर सरकवायची आणि तळाशी तांदळाएवढा प्लास्टिकचा अडसर बसवायचा. तो अडसर गवतात पडतो. पडतोच. शोधायला डोक्यावरचा टॉर्च लावला की आसपासचे यच्चयावत किडे थेट तोंडावर. टॉर्च बंद केला तरी डास हटत नाहीत, कारण ते उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत येतात, म्हणजे श्वास सोडणं बंद करणे हाच काय तो खात्रीचा इलाज.

यानंतर अलार्म नावाची छळवणूक सुरू होते. गळाची दोरी, म्हणजे लाईन, त्यावरून गेलेली असते आणि ती जरा हलली की तो टीक करतो. हा विजेवरचा अलार्म सुरुवातीला बनवून वापरणाऱ्यांत रिचर्ड वॉकर हा इंग्लिश गळवाला होता. त्याने 1952 मध्ये 44 पौंडांचा, म्हणजे जवळजवळ 20 किलोचा कार्प पकडला, तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दिला आणि तो मासा तिथे 1971 पर्यंत आरामात जगला. त्याचा अलार्म माशासाठी वाजायचा. आमचा वाहत आलेल्या पानासाठी वाजतो, वाऱ्यासाठी वाजतो, एकदा तर वटवाघूळ लाईनला घासून गेलं त्यासाठी वाजला. कधी कधी खरंच कार्प असतो, पण तो जाता जाता अंगाने लाईनला धक्का देऊन गेलेला असतो, आमिषाशी त्याचा काही संबंध नसतो. आपण मात्र प्रत्येक टीकला स्लीपिंग बॅगची चेन उघडायची, जी बरोबर गुडघ्यापाशी अडकते, आणि लंगडी घालत रॉडपर्यंत जायचं, बघायचं तर सगळं सामसूम. मागून तंबूतून आवाज येतो, "काय होतं रे?" आणि उत्तराची वाट न बघता घोरणं चालू.

पहाटे डोळा लागला आणि तेव्हाच अलार्म टीक न करता सलग किंचाळायला लागला. बूट सापडेनात, म्हणून मोज्यांवरच धावलो. रॉड उचलला तर पलीकडे कोणीतरी पोतं बांधून ओढत नेतंय असं वजन, रीलचा ब्रेक करकरतोय आणि लाईन सुटत चाललीय. मासा सरळ मित्राच्या लाईनखालून गेला, मग त्याचाही अलार्म बोंबलू लागला आणि साहेब जाळी घेऊन धडपडत बाहेर आले, डोळे मिटलेलेच, मला ओरडतायत, "ढील दे, ढील दे!" आता हळू बोलायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. जाळी पोचेना तेव्हा मी गुडघाभर पाण्यात उतरलो. शेवटी आला. जाडजूड ओठ, मिशांच्या दोन जोड्या, आणि गळ बरोबर खालच्या ओठात. माशासाठी आणलेल्या ओल्या गादीवर ठेवला, वजन केलं, नऊ किलोच्या वर भरला, फोटो काढला आणि धरून हळूच पाण्यात सोडला. शेपटीचा एक फटका माझ्या तोंडावर मारून गेला, तेवढा त्याचा हक्कच होता.

घरी आल्यावर बायकोला फोटो दाखवला. तिने तो नीट मोठा करून पाहिला, मग माझ्या पायांकडे पाहिलं.

"एवढा मासा सोडून दिलास," ती म्हणाली, "आणि हे मोजे घेऊन आलास?"