ओनरशिपवर काहीच नाही

खालच्या मजल्यावरचे काका गळतीचं भांडण घेऊन वर आले होते. त्यांच्या छताला आलेली ओल आमच्या बाथरूमची नसून कॉमन पाइपाची आहे, हे मी मोबाइलवर फोटो मोठा करकरून पटवत होतो, तेवढ्यात बँकेचा मेसेज टपकला. काकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि माझ्या बायकोसमोर तो खणखणीत आवाजात वाचला. उद्या माझ्या कार्डावरून व्हिडिओ गेमच्या वर्गणीचे पैसे कापले जाणार होते.

काका बँकेतून निवृत्त. त्यामुळे आधी कौतुक झालं ते रिझर्व्ह बँकेचं. "ऑक्टोबर २०२१ पासूनचा नियम. पैसे कापायच्या २४ तास आधी कळवावंच लागतं. कारण माणसं विसरतात." 'माणसं' म्हणताना ते माझ्याकडे बघत होते.

"म्हणजे गेम विकत घेतलास?"

"नाही काका. महिन्याची वर्गणी. त्यात शेकडो गेम मिळतात."

"मिळतात म्हणजे तुझे होतात?"

"नाही. वर्गणी भरतोय तोवर खेळायचे."

"मग भाड्याने म्हण की सरळ. डिपॉझिट किती?"

"डिपॉझिट नसतं."

"अकरा महिन्यांचा करार?"

"करार असेल. मी 'मान्य आहे' दाबलं होतं."

"न वाचता," काका बायकोला म्हणाले. तिने मान हलवली. या घरात माझ्या बाजूने कुणी नाही, ते असो.

"आणि खोली खाली करायची नोटीस?"

इथे मला खरंच लागलं. नोटीस देतात ना! 'लवकरच जाणार' अशी पाटी लावतात, साधारण दोन आठवडे आधी. परवाच माझा एक गेम गेला. नायक डोंगर चढून, घोडा बदलून, गावोगावच्या लोकांची फालतू कामं करून शेवटच्या किल्ल्याच्या दारात उभा होता. तो तिथेच उभा आहे. सेव्ह केलेली प्रगती शाबूत, गेम गायब. पुढे जायचं असेल तर तोच गेम विकत घ्या, सवलतीत देतो म्हणे. मेहेरबानी! हे काही मलाच भोगावं लागतं असं नाही. 'जीटीए फाइव्ह' हा गेम २०२० पासून 'गेम पास' या वर्गणीत कितीदा आला नि कितीदा गेला, बघा.

"भाडेवाढ?" काका आता गळतीच्या एस्टिमेटच्या पाठीवर लिहून घेत होते.

मी सांगितलं. मायक्रोसॉफ्टचा गेम पास अमेरिकेत २०१७ मध्ये महिना ९.९९ डॉलरला सुरू झाला. पुढे त्यात वरचे-खालचे वर्ग निघाले. सगळ्यात वरचा 'अल्टिमेट' ऑक्टोबर २०२५ मध्ये १९.९९ वरून एकदम २९.९९ झाला.

"दीडपट! आणि भाडेकरू गप्प?" काकांना एवढा आनंद बऱ्याच दिवसांत झाला नसावा. "मग विकतच घे ना एकेक."

विकत घेतलेलाही आपला नसतो, डाउनलोडवाला तर नाहीच, आपण फक्त वापरायचा परवाना घेतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच झालाय, दुकानदाराने हे स्पष्ट सांगायचं म्हणून. हे ऐकून काकांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे ओनरशिपवर काहीच नाही?" त्यांच्या चेहऱ्यावर शोक होता.

"आठवड्याला किती तास खेळतोस?"

"पाच-सहा."

"अपडेट होईस्तोवर सोफ्यावर झोपतोस ते धरून?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

दुखणं तेच आहे. शेकडो गेम कुणाला हवेत? मला रात्री जेमतेम तास मिळतो. त्यात अपडेट, मग 'काय खेळावं' म्हणून यादी खालीवर करणं, मग जांभई. एकच गेम महिनोन् महिने चघळणाऱ्याने स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात सेल लागेपर्यंत थांबावं आणि तेवढाच घ्यावा, ते स्वस्त पडतं. वर्गणी पोरांना परवडते. मे महिन्याच्या सुट्टीत दिवसाला चार-चार गेम उघडून टाकतात ती. माझ्यासारख्याने पैसे भरायचे ते 'कधीतरी वेळ मिळेल' या आशेपोटी, आणि त्या आशेवरच कंपनी चालते, असा मला दाट संशय आहे.

"बंद कर," काकांनी निकाल दिला आणि माझ्याच शेजारी बसून पानं उघडायला लावली. सेटिंग, खातं, वर्गणी, व्यवस्थापन. भरताना एक बटण, सोडताना भुलभुलैया. शेवटी पाटी आली: तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं.

"एफडी मोडायला आलेल्यांना आम्ही असंच म्हणायचो," काका खुलले. "पण चहा पाजून." खाली ऑफर होती, पुढचा महिना अर्ध्या किमतीत. काकांनी माझा हात धरला. "लगेच हो म्हणू नकोस. आणखी खाली येतील."

"काका, ते मशीन आहे."

"मग काय झालं?" म्हणत त्यांनी स्वतःच 'नको' दाबलं आणि हाताची घडी घालून बसले. वर्गणी बंद झाल्याचा मेसेज आला. काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"एवढ्यात सोडलं?" ते चिडून म्हणाले. "मॅनेजरला बोलवा म्हणून कुठे दाबायचं?"