मालगाडीच्या शेवटच्या डब्यातून दिसलेला सह्याद्री

माझे वडील मध्य रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या सेवा-पुस्तिकेत भरतीची तारीख आहे, मालगाडीवरून पॅसेंजरवर आणि तिथून मेल-एक्सप्रेसवर झालेल्या बढत्या आहेत, शिल्लक रजांचा हिशोब आहे. मात्र तीन दशकांहून अधिक काळ हा माणूस कळसूबाईच्या रांगेतल्या घाटवाटा पायाखाली घालत होता, याची नोंद त्यात कुठेच नाही. सरकारी कागदाकडून तशी अपेक्षाही नाही. परंतु बाबा गेल्यानंतर भेटायला आलेल्या बहुतेकांनी ‘प्रामाणिक नोकरी केली, मुलांना शिकवले’ एवढ्याच शब्दांत त्यांचे आयुष्य आटोपते घेतले, तेव्हा हे लिहायलाच हवे असे मला तीव्रतेने वाटले.

आम्ही इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीत वाढलो. कसाऱ्याहून इगतपुरीला येणारी गाडी थळ घाटात साधारण ३०० मीटर चढते. चढ १:३७ चा, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. इतक्या चढावर पुढचे इंजिन पुरत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून बँकर इंजिने जोडतात. त्या काळी मुंबईच्या बाजूला १५०० व्होल्ट डीसी आणि भुसावळच्या बाजूला २५,००० व्होल्ट एसी वीजप्रवाह असल्यामुळे इगतपुरीला इंजिन बदलण्यासाठी प्रत्येक गाडीला थांबावेच लागे, आणि त्या थांब्यावर अख्खे गाव जगत असे. घाट उतरण्याआधी ब्रेकची चाचणी होते. बाबा ती कधीही उरकण्याचे काम समजले नाहीत, कारण चढाला इंजिन लागते पण उतारावर सगळा भरवसा ब्रेकवर असतो, हे ते आम्हाला लहानपणापासून सांगत. डोंगरावरही त्यांचा हाच नियम होता. शिखर गाठण्याची त्यांना घाई नसे, पण उतरण्यासाठी उजेड किती उरला आहे, हे ते वर पोहोचण्याआधीच पाहून ठेवत.

मालगाडीचा गार्ड शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये एकटा असतो. लाइन बॉक्स (गार्डच्या साहित्याची पेटी), लाल-हिरवे झेंडे, कंदील आणि समोर मागे पडत जाणारा मुलूख. सिग्नल मिळेपर्यंत गाडी एखाद्या लूप लाइनवर (मुख्य मार्गाच्या बाजूच्या रुळावर) तासन्तास उभी राहते. त्या वेळात सहकारी डुलकी घेत, बाबा डोंगर पाहत असत. अलंग, मदन, कुलंग या गडांच्या माथ्यावर ढग कोणत्या महिन्यात कुठून येतात, कारवीचा निळा रंग कोणत्या उतारावर आधी उमटतो, हे त्यांनी गाडीतून पाहिले आणि मग स्वतः जाऊन पडताळले.

त्यांची सुटी कधी रविवारी येत नसे. मंगळवारी पहाटे ड्यूटी संपली तर मंगळवार त्यांचा. त्यामुळे शहरातल्या गिर्यारोहण संस्थांच्या मोहिमांत त्यांना कधी जाता आले नाही, आणि माझ्या मते हेच त्यांचे भाग्य ठरले. त्यांना सोबत मिळाली ती घाटघरहून चोंढे घाटाने कोकणात उतरणाऱ्या ठाकर आणि महादेव कोळी माणसांची. या माणसांच्या लेखी घाटवाट म्हणजे बाजाराचा, सोयरिकीचा, मजुरीचा रस्ता. बाबाही मजुरी करणाराच माणूस असल्यामुळे त्यांना त्या सोबतीत कधी परकेपणा वाटला नाही. कळसूबाईला (उंची १६४६ मीटर) बारी गावाकडून लोखंडी शिड्या आहेत. बाबांना मात्र इंदोरे गावाकडची वाट अधिक आवडे, कारण ती आमच्या बाजूची होती.

म्हणूनच आपल्याकडच्या डोंगरभटकंतीविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात मुंबई-पुण्याहून आलेल्यांचीच पावले उमटलेली दिसतात, याची मला खंत आहे. त्यांचे काम मोठेच आहे, ते मी नाकारत नाही. पण गँगमन, वनरक्षक, वीज मंडळाचे लाइनमन, मुक्कामी एसटीचे चालक-वाहक यांनी पोटासाठी फिरताना हा प्रदेश जितका बारकाईने पाहिला, तितका क्वचितच कोणी पाहिला असेल. त्यांना कोणी विचारले नाही, आणि आपल्याला ठाऊक असलेले सांगण्याजोगे आहे, हे त्यांना स्वतःलाही वाटले नाही.

रेल्वेच्या पासावर बाबांनी आम्हाला पुष्कळ देश दाखवला. तोही शक्यतो चढणाऱ्या रुळांनी. निलगिरीच्या गाडीत त्यांनी कुन्नूरपर्यंत दातेरी रुळावरून नजर हटवली नाही, कारण तिथे चढ १:१२ चा आहे आणि थळ घाटात आयुष्य काढलेल्या माणसाला तो आकडा अंगावर काटा आणणारा वाटतो. पठाणकोटहून जोगिंदरनगरला जाणारी कांगडा खोऱ्यातली अरुंद गाडी (ती १९२९ साली सुरू झाली) त्यांना सर्वाधिक प्रिय होती. डोंगर फारसा न पोखरता त्याच्या कडेकडेने रूळ नेणाऱ्या अभियंत्यांविषयी ते इतक्या आदराने बोलत, की ऐकणाऱ्याला ते त्यांच्या नात्यातलेच वाटावेत.

या सगळ्याचा भार आईने वाहिला. ड्यूटीवर बोलावणारा कॉलमन मध्यरात्री दार वाजवी, तेव्हा डबा तयार असे. आणि सुटीच्या दिवशी बाबा डोंगरात असत, तेव्हा दुखणी, शाळा, पाहुणे सारे तिच्याकडे. तिला याचा रागही येई आणि ती तो स्पष्ट बोलून दाखवी. पुढे आम्ही मोठे झाल्यावर तीही त्यांच्यासोबत रतनवाडीला जाऊ लागली. अमृतेश्वराच्या मंदिरापाशी ती थांबे, बाबा रतनगडाच्या नेढ्यापर्यंत (कातळातल्या आरपार भोकापर्यंत) जाऊन येत.

जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने गार्ड हे पदनाम बदलून ट्रेन मॅनेजर केले. बाबा तेव्हा निवृत्त होते. त्यांनी बातमी वाचली आणि, काम तेच राहिले म्हणजे झाले, इतकेच म्हणाले.

त्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत. त्यांत भावना फारशा नाहीत, पाणी आहे: कुलंगवरच्या टाक्यांपैकी कोणते पाणी पिण्याजोगे, कोणता झरा होळीनंतर आटतो, कोणत्या वाडीत रात्री हाक मारली तर दार उघडते. मी त्या सध्या टंकलिखित करत आहे. वाड्यांतल्या माणसांची नावे वगळून, पाण्याच्या आणि वाटांच्या नोंदी मी टप्प्याटप्प्याने इथेच देईन. नोंदी जुन्या आहेत, म्हणून त्यांवर विसंबून कोणी पाण्याविना गडावर जाऊ नये. आधी पायथ्याच्या गावात विचारावे. आणि ज्यांच्या घरी असा फिरतीची नोकरी केलेला माणूस अजून आहे, त्यांनी या आठवड्यात त्याच्याशेजारी बसून त्याला ठाऊक असलेल्या वाटा लिहून घ्याव्यात, अशी माझी मनापासून विनंती आहे.