‘गेमिंग लॅपटॉप घ्या, सगळं चालेल’ : चालत नाही ते कुठे?

‘क्रिएटिव्ह काम करणाऱ्यांनी जरूर वाचा’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज सध्या फिरतोय. माझ्याकडेच तो चौघांकडून आला, त्यातल्या दोघांनी खाली ‘खरंय का रे?’ असंही विचारलं. मेसेज थोडक्यात असा : काम कुठलंही असो, गेमिंग लॅपटॉप घ्या, कारण ग्राफिक्स कार्ड दमदार असलं की झालं. स्क्रीन ४के असेल तर रंग अचूक दिसतात. रॅम आत्ता कमी घ्या, नंतर वाढवता येते. प्रोसेसर इंटेलचा वरच्या दर्जाचा आय-नाइनच हवा. मॅकबुक म्हणजे नुसती नावाची किंमत. आणि स्पेसिफिकेशन वाचली की पुरे, मशीन हाताळून बघायची गरज नाही.

मी चित्रं काढतो, मुखपृष्ठं करतो, अधूनमधून व्हिडिओ एडिट करतो. सहा वर्षांपूर्वी मी स्वतः जवळपास याच सल्ल्यावर मशीन घेतलं होतं, त्यामुळे उत्तर द्यायचा थोडा हक्क आहे.

आधी स्क्रीनबद्दल, कारण तिथेच माझे हात पोळले. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख ठिपके. ते ठिपके किती रंग दाखवू शकतात, याचा या आकड्याशी काहीही संबंध नाही. रंगांसाठी बघायचं ते एसआरजीबी (वेब आणि साध्या स्क्रीनचा ठरलेला रंगसंच) किंवा डीसीआय-पी३ (सिनेमाचा, त्याहून मोठा) यातले किती टक्के रंग स्क्रीन दाखवते, हे. माझ्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं बारीक अक्षरात लिहिलं होतं. एनटीएससी हे १९५३ सालच्या अमेरिकन रंगीत टीव्हीचं माप. त्याचे ७२ टक्के म्हणजे जवळपास पूर्ण एसआरजीबी, आणि ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीचे जेमतेम साठ-पासष्ट टक्के. मला हे तेव्हा कुठे ठाऊक? एका मुखपृष्ठावरचा केशरी रंग स्क्रीनवर सारखा मळकट दिसायचा, म्हणून मी तो चढवत गेलो. प्रकाशकाने फोनवर उघडून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, ‘एवढं भडक का केलंत?’ कॅलिब्रेशनचं, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून जुळवायचं, यंत्र आणून बघितलं, पण जो रंग पॅनेलमध्येच नाही तो यंत्र कुठून आणणार? ते फक्त आहेत ते रंग जागेवर बसवतं. शेवटी बाहेरचा मॉनिटर घ्यावा लागला. आता नवे, महागडे गेमिंग लॅपटॉप चांगल्या पॅनेलचे येतात, हे मान्य. पण खालच्या किमतीत अजूनही आधी काटछाट होते ती इथेच, कारण खेळणाऱ्याला रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं) दिसतो, केशरी रंगातला फरक नाही.

आता ग्राफिक्स कार्ड. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी रेंडर करणाऱ्यांसाठी, म्हणजे मॉडेलचं अंतिम चित्र तयार करणाऱ्यांसाठी, मेसेज बरोबर आहे, त्यांनी गेमिंग लॅपटॉप खुशाल घ्यावा. डाव्हिंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये कलर ग्रेडिंग (रंगांची जुळवाजुळव) करणाऱ्यांनाही कार्डाचा खरा उपयोग होतो. फोटोशॉपमध्ये मात्र ते काही मोजक्या फिल्टर्सपुरतं आणि झूम-पॅन गुळगुळीत होण्यापुरतं कामी येतं. संगीतवाल्यांना तर जवळपास काहीच नाही; उलट रेकॉर्डिंगमध्ये आवाज छोट्या-छोट्या तुकड्यांत प्रोसेसरकडे जातो; १२८ सॅम्पलचा तुकडा (बफर) ठेवून ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल घेऊन, रेकॉर्ड करताना त्याला एकेका तुकड्यासाठी २.७ मिलिसेकंदच मिळतात, आणि एखाद्या ड्रायव्हरने तेवढ्यात त्याला अडवून धरलं की आवाजात टकटक येते. शिवाय माइक त्याच खोलीत असेल तर पंख्याचा घोंघाट फुकटात रेकॉर्ड होतो.

कार्ड हवं असलं तरी नुसतं नाव वाचून उपयोग नाही. लॅपटॉपमधलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० कार्ड लॅपटॉप कंपनीच्या मर्जीनुसार ३५ वॅटवर चालतं किंवा ११५ वॅटवर. नाव तेच, कामाचा वेग वेगळा. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये १२ जीबी मेमरी असते, लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ८. थ्रीडीचा सीन त्या मेमरीत मावला नाही की रेंडर रांगायला लागतो किंवा बंदच पडतो.

व्हिडिओवाल्यांची गंमत तर आणखी वेगळी. आजकालचे बरेच मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसीमध्ये शूट करतात, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या, पण घट्ट दाबलेल्या फाइलमध्ये. ही फाइल हार्डवेअरवर उलगडायची सोय एनव्हिडियाने २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेतल्या कार्डांत आणली. ४० मालिकेतलं सगळ्यात महाग कार्डसुद्धा ते करत नाही. इंटेलच्या प्रोसेसरमधलं साधं अंगचं ग्राफिक्स मात्र ११व्या पिढीपासून ते काम निमूट करतंय. म्हणजे एडिट करताना टाइमलाइन (क्लिप्स ओळीने मांडायची पट्टी) अडखळतेय म्हणून मोठं कार्ड घेतलं आणि अडखळणं तसंच राहिलं, असं होऊ शकतं. मेसेज लिहिणाऱ्याने कधी असं फुटेज टाइमलाइनवर टाकून पाहिलं असेल असं वाटत नाही.

‘रॅम नंतर वाढवा’ हा सल्ला एके काळी शहाणपणाचा होता. आता बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची चिकटवलेली असते; घेतली तेवढीच शेवटपर्यंत. जाड गेमिंग लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा स्लॉट असतात, तिथे हा मुद्दा चालतो, पण मॉडेल बघूनच ठरवा. फोटोशॉपला अडोबी किमान ८ आणि शक्यतो १६ जीबी सुचवते. शेजारी ब्राउझर आणि इलस्ट्रेटर उघडा ठेवणाऱ्याने १६ वर समाधान मानू नये, असं माझं मत. रॅम भरली की फोटोशॉप तात्पुरता मजकूर एसएसडीवर लिहायला लागतं आणि ब्रश हाताच्या मागून चालतो.

आय-नाइनबद्दल फार लिहीत नाही. पातळ खोक्यात कोंबलेला आय-नाइन पहिली काही मिनिटं पळतो, मग तापून वेग उतरवतो. अर्ध्या तासाच्या एक्स्पोर्टमध्ये नीट हवा खेळणारा, एक पायरी खालचा आय-सेव्हन त्याच्या बरोबरीला येतो, कधी पुढेही जातो. (आणि २०२३ च्या डिसेंबरपासून इंटेल ‘कोअर अल्ट्रा’ नाव वापरायला लागली आहे, तेव्हा मेसेज जुना झाला तो वेगळाच.)

मॅकबुकचं म्हणाल, तर नावासाठी घेऊ नका, इतपत पटतं. पण २०२० च्या एम१ पासून तिथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकच मेमरी वाटून घेतात, वर सांगितलेलं ४:२:२ फुटेज सहज चालतं, आणि चार्जर काढला म्हणून वेग पडत नाही. गेमिंग लॅपटॉपचं कार्ड बॅटरीवर अर्ध्यामुर्ध्या ताकदीनेच चालतं. याला नुसती नावाची किंमत म्हणणं चूक. न घ्यायचं खरं कारण वेगळं आहे : थ्रीडीएस मॅक्स (थ्रीडीचं) किंवा सॉलिडवर्क्स (यंत्रांच्या डिझाइनचं) या सॉफ्टवेअरवर पोट असेल तर ती मॅकसाठी येतच नाहीत, आणि रॅम पुढे कधीच वाढत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, हाताळून न बघण्याचा. माहितीपत्रकात पंख्याचा आवाज लिहिलेला नसतो, ट्रॅकपॅडची खरखर नसते, मनगट टेकतं तिथे किती चटका बसतो तेही नसतं. मी आता आपलं सगळ्यात जड प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जातो. निघण्याआधी घरच्या मशीनवर ते उघडून टास्क मॅनेजरमध्ये बघतो, काय शंभराला टेकतंय : रॅम, प्रोसेसर, की कार्ड. गेल्या वेळी रॅम टेकत होती. कार्ड पंधरा टक्क्यांवर लोळत होतं.