मामाचा ओटीपी आणि भाचीचं यमक

माझ्या मूर्खपणाला चाल लागली आहे. केरवा तालात. आणि चाल चांगली आहे, हे जास्त झोंबतं. वाईट असती तर लोक त्याच रात्री विसरले असते. रविवारी गाणं झालं, आज बुधवार, आणि शेजारचा सहा वर्षांचा मुलगा जिना उतरताना ती गुणगुणतो. मला पाहिलं की आवाज वाढवतो.

झालं ते असं. फेब्रुवारीत ‘सुरक्षित इंटरनेट दिवस’ असतो. २००४ साली युरोपातून सुरू झाला, आता शंभराहून जास्त देशांत पाळतात. त्या निमित्ताने तेरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी गीतलेखनाची स्पर्धा होती. विषय ऑनलाइन सुरक्षितता, वेळ तीन मिनिटं, शब्द आणि चाल स्वतःची. माझी भाची पंधराची, तिने गाणं केलं. सोबत पालक म्हणून मी, कारण तिच्या आईवडिलांना काम होतं आणि मला कधीच काम नसतं अशी आमच्या घरात जुनी समजूत आहे.

गाणं माझ्यावर होतं.

चार महिन्यांपूर्वी एका मित्राच्या खात्यावरून मला मेसेज आला, ‘चुकून माझा कोड तुझ्या नंबरवर गेलाय, जरा पाठव ना.’ मी पाठवला. सहा आकडे, आणि तेही माझ्याच खात्याचे. मित्राचं खातं आधीच चोराकडे होतं, आता माझंही गेलं. खात्याला दुहेरी पडताळणीचा पिन लावला असता तर सहा आकडे मिळूनही चोर उंबऱ्यावरच अडला असता, हे मला नंतर सतरा जणांनी समजावलं. चोराने माझ्या नावाने चाळीसेक लोकांकडे तातडीने उसने पैसे मागितले. एकानेही दिले नाहीत. तिघांनी उलट ‘आधीचे कधी देतोस?’ असं विचारलं. त्या चोराबद्दल मला आजही थोडी सहानुभूती वाटते.

भाचीने यावर ध्रुवपद बांधलं:

आकडे सहा, रीत किती सोपी,
मामाने दिला ओटीपी, चोराने घातली टोपी!

यमक निर्दोष आहे, मान्य. पण मी अटच घातली: मामा काढ, मित्र घाल. ‘मामाने’ आणि ‘मित्राने’, दोन्हीच्या मात्रा सहाच, त्यामुळे ठेक्याची सबब तिला सांगता येईना. ‘मजा जाते,’ एवढंच म्हणाली. पण कबूल झाली. कागदावर खोडून ‘मित्राने’ लिहिलं, मी डोळ्यांनी पाहिलं.

नोंदणीचा फॉर्म मी आदल्या रात्री भरला. ऑनलाइन सुरक्षिततेच्या स्पर्धेला मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, शाळा, पासपोर्ट आकाराचा फोटो, आईचं नाव, पालकाचा मोबाइल नंबर एवढं लागतं. रक्तगटही विचारला होता. गाता गाता लागलं तर असावा म्हणून असेल. शेवटी पासवर्ड. त्यात एक मोठं अक्षर हवं, एक छोटं, एक आकडा, एक चिन्ह. आपल्या लिपीत मोठं अक्षर आणि छोटं अक्षर असा भेदभावच नाही, पण देवनागरी त्या फॉर्मला मुळातच मान्य नव्हती.

या जाचाला एक उगम आहे. २००३ साली अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत बिल बर नावाच्या गृहस्थांनी पासवर्ड कसे असावेत याचं मार्गदर्शन लिहिलं. चिन्हं मिसळा, आकडे मिसळा, अधूनमधून बदला. जगाने ते डोक्यावर घेतलं. लोकांनी काय केलं, तर जुन्याच शब्दाच्या शेपटीला १ लावला आणि बदलायची वेळ आली की २. शेवटी २०१७ मध्ये त्याच संस्थेने कान धरले: लांबी महत्त्वाची, चिन्हांची सक्ती नको, ठरावीक दिवसांनी उगाच बदलायला लावू नका. बर यांनीही आपल्याला पश्चात्ताप होतो असं सांगून टाकलं. त्यांना झाला. फॉर्मला अजून झालेला नाही.

तर रविवारी सकाळी नोंदणीच्या टेबलाशी रांगेत उभा होतो. टेबलामागे विशीतला एक मुलगा, गळ्यात ‘स्वयंसेवक’ अशी पट्टी, समोर लॅपटॉप. लॅपटॉपच्या झाकणावर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, रांगेकडे तोंड करून, आणि तिच्यावर वायफायचा पासवर्ड. आतमध्ये रंगीत तालीम चालू होती आणि कुणीतरी जीव तोडून गात होतं, ‘सांगू नको, कुणा सांगू नको.’

‘काका, मोबाइलवर ओटीपी आला असेल. सांगा.’

मी मोबाइल पाहिला. सहा आकडे होते आणि खाली लिहिलं होतं: हा कोड कोणालाही सांगू नका, आमच्या कर्मचाऱ्यांनाही नाही. मी त्याला ते वाचून दाखवलं. हळू, स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून.

‘बरोबर आहे काका,’ तो म्हणाला, ‘पण मी कर्मचारी नाही. स्वयंसेवक आहे.’

मी आयुष्यात बरेच युक्तिवाद ऐकले आहेत. दोन वकील माझ्या नात्यात आहेत. पण इतकं निर्मळ काही ऐकलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नावालाही नव्हती. नियमातली पळवाट त्याने शोधली नव्हती. तो त्या पळवाटेतच राहत होता.

‘अहो, पण कोणालाही म्हणजे तुम्हालाही.’

‘काका, हा सेफ ओटीपी आहे.’

‘कशावरून?’

‘आमचाच आहे.’

‘चोरही असंच म्हणाला होता,’ मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी कळलं की हे म्हणायला नको होतं. मागे भाची उभी होती. रांगेतही हालचाल झाली. मागच्या बाई म्हणाल्या, ‘अहो, सांगून टाका ना. आम्ही गेल्या वर्षीपण सांगितला.’ त्यांच्या मागचे गृहस्थ नंबर यायच्या आधीच आपला ओटीपी घोकत होते.

मी मधला मार्ग काढला. ‘लॅपटॉप माझ्याकडे फिरवा, मी स्वतः टाकतो.’

स्वयंसेवक दचकला. लॅपटॉप त्याने दोन्ही हातांनी छातीशी ओढला. ‘नाही काका, बाहेरच्या माणसाने लॅपटॉपला हात लावायचा नाही. सिक्युरिटीचा प्रश्न आहे.’

या सगळ्यात तो कोड कालबाह्य झाला. नवा मागवला. नवा आला तेव्हा आम्ही कर्मचारी कोणाला म्हणावं या मुद्द्यावर होतो, त्यामुळे तोही गेला. तिसऱ्यांदा चुकलं तर नोंदणी चोवीस तास बंद, असं पडद्यावर आलं. आत निवेदक नावं पुकारू लागला. भाची हळूच म्हणाली, ‘मामा, सांग ना रे. माझा नंबर जाईल.’

तेव्हा त्या मुलाला माझी दया आली असावी. तो टेबलावरून पुढे वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘काका, असं करा. माझ्या कानात सांगा.’

आणि मी सांगितला. पन्नाशीचा माणूस, टेबलावर वाकून, एका अनोळखी मुलाच्या कानात सहा आकडे कुजबुजला. तो सरळ झाला, लॅपटॉपकडे वळला आणि एकेक कळ दाबताना खणखणीत आवाजात म्हणत गेला, ‘चार... सात... सात... शून्य... दोन... काका, शेवटचा नऊ ना?’

‘नऊच,’ मागच्या बाई म्हणाल्या.

मी वळून पाहिलं तर भाची भिंतीला कागद लावून पेनाने काहीतरी खोडत होती. मला वाटलं शुद्धलेखन असेल.

त्याच भिंतीवर स्पर्धकांची यादी लावली होती. नाव, वय, जन्मतारीख, मोबाइल नंबर. येणारे-जाणारे कौतुकाने फोटो काढत होते आणि लगेच गटागटांत पाठवत होते. मी एका आयोजकांना म्हटलं, जन्मतारखा आणि नंबर तरी झाका. ते म्हणाले, ‘पारदर्शकता आहे.’ इथे मात्र मला हसू आलं नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींचे, म्हणजे त्यांच्या घरांचे, नंबर होते ते. आत स्टेजवर त्याच मुली ‘आपली माहिती जपा’ असं गाणार होत्या आणि ती माहिती बाहेर चार खिळ्यांवर लटकत होती.

सभागृहात चौदा गाणी ऐकली. अकरांमध्ये ‘नको’ होता. लिंक दाबू नको, फोटो टाकू नको, अनोळख्याशी बोलू नको. सगळा उपदेश मुलांना, आणि तो मुलांच्याच तोंडून. फॉर्ममध्ये रक्तगट विचारू नको, असं एकही गाणं नव्हतं. तसं गाणं लिहायचं वय वेगळं असतं, आणि त्या वयाच्या लोकांसाठी स्पर्धा भरवत नाहीत. एका मुलाने ‘फिशिंग’वर, म्हणजे खोट्या मेसेजने माहिती लुबाडण्यावर, कोळीगीत केलं होतं. जाळं, गळ, आमिष, सगळी रूपकं आयती मिळालेली. मला ते मनापासून आवडलं. परीक्षकांनी ‘विषयांतर’ असा शेरा मारला. ‘फिशिंग’ या शब्दाचं मूळ खरोखरच गळ टाकण्यात आहे हे उठून सांगावंसं वाटलं, पण सकाळपासून माझं बोलून झालं होतं.

दुसऱ्या एकाने मात्र कमाल केली. पासवर्ड लांब असावा, चार असंबद्ध शब्दांचा असावा, हा त्याच्या गाण्याचा मुद्दा, आणि तो अगदी योग्य आहे. उदाहरण म्हणून त्याने ध्रुवपदात चार शब्द घेतले आणि सगळ्या सभागृहाकडून ते तीनदा म्हणवून घेतले. खाली उतरल्यावर त्याची आई त्याला दबक्या आवाजात म्हणाली, ‘अरे, पण आपला खराच कशाला घातलास?’ पोराने घाबरून जाऊ नये. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संगणकात अशी काही गफलत झाली की लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या मजकुराऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच दिसली होती. तिथे चाल मात्र नव्हती.

मग भाची आली. माइक नीट केला, माझ्याकडे बघितलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

‘मामाने’ म्हणाली. मित्राचा पत्ताच नव्हता. लोक हसले. मी हसणाऱ्यांत सामील झालो, म्हणजे तो मामा मी नव्हे असं वाटावं. तेवढ्यात कागदावर नसलेलं कडवं आलं:

पुढच्याला ठेच, म्हणे मागचा शहाणा,
पुढेही मामा, मागेही मामा, कोण होणार शहाणा?
तेव्हा दिला चोराला, आज दिला दारात,
‘कुणा सांगू नका’ म्हणत सांगितला कानात!

रांगेतले लोक आता प्रेक्षकांत होते. ते ज्या तऱ्हेने हसले ते मी लिहीत नाही. मागच्या बाईंनी मला हाताने दाखवलं. तो स्वयंसेवक भिंतीशी उभा राहून टाळ्या वाजवत होता. गाण्यात आपणही आहोत याचा त्याला पत्ताच नव्हता. आणि पोरीने शेवटी, चालीतून बाहेर येऊन, साध्या आवाजात सांगितलं, ‘माझे मामा इथेच बसलेत.’ मला उठावं लागलं. नमस्कारही केला. काय करणार?

परीक्षक म्हणाले, ‘मामा’ हे इथे प्रतीक आहे, आणि ‘मामा बनवणे’ या प्रयोगावरचा श्लेष सूचक आहे. उत्तेजनार्थ बक्षीस. पहिलं बक्षीस ‘डिजिटल क्षितिजावर सावधतेची पहाट’ अशा सुरुवातीच्या गाण्याला. त्याबद्दल मी बोलणार नाही. भाचीचं गाणं त्याच्यापेक्षा दसपट बरं होतं, आणि ही तक्रार माझ्या बाजूने नाही हे लक्षात घ्यावं.

परतताना मी तिला विचारलं, ‘असं का केलंस?’

‘मामा, तू कानात सांगितलास रे,’ ती म्हणाली. ‘कानात! मी काय करू?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी ‘शहाणा’ला ‘शहाणा’चंच यमक जुळवणं हा आळस आहे, एवढं तिला सुनावलं. तिने ते कागदावर टिपून घेतलं.

आज सकाळी आयोजकांचा मेसेज आला की प्रमाणपत्र कागदावर मिळणार नाही, आपल्या खात्यात जाऊन उतरवून घ्यायचं. नोंदणी माझ्या नंबरावर. दुपारी भाचीचा फोन आला, ‘मामा, तुला आत्ता एक ओटीपी येईल बघ.’

‘आलाय,’ मी म्हणालो.

‘मग सांग.’

‘कोणालाही सांगू नका असं लिहिलंय.’

‘मामा, मी आहे.’

‘चोरही माझ्या मित्राच्याच नावाने आला होता.’

‘अरे, आवाज ओळखत नाहीस का माझा?’

ओळखतो तर. सबंध सभागृह ओळखतं. मी म्हटलं, गाऊन दाखव. तिने फोन आपटला. तेव्हापासून तीन कोड येऊन गेले आहेत, मी एकही सांगितलेला नाही, आणि तिची आई आता स्वतः निघाली आहे म्हणे.